गोळीचं शटडाऊन

आमचे हे टर्बाइनच्या कारखान्यातून रिटायर झाले, पिपलानीचं कंपनीचं क्वार्टर सोडून आम्ही अयोध्या नगरात आलो, तरी यांचं डोकं अजून टर्बाइनपाशीच आहे. घरात काहीही बिघडलं की 'शटडाऊन घेऊ', म्हणजे बंद ठेवायचं आणि काय फरक पडतो ते बघायचं. मिक्सरपर्यंत माझी हरकत नव्हती.

परीक्षित आमचा मुलगा. कॉलेजात असताना त्याला नसलेले आवाज ऐकू यायला लागले. रोजच्या एका गोळीवर आता बरा आहे, हबीबगंजला ट्रॅव्हल ऑफिसात काम करतो. मध्यंतरी त्याच्या रक्तात बी-ट्वेल्व्ह कमी निघालं, डॉक्टरांनी त्याची लाल गोळी दिली. झालं. असल्या औषधांनी मेंदूतली व्हिटॅमिनं कमी-जास्त होतात, असं उंदरांवरचं काहीतरी संशोधन यांनी फोनवर वाचलं आणि मला ऐकवलं. मी पोळ्या लाटत होते, 'हो का' म्हटलं.

पुढच्या आठवड्यात परीक्षित एका जागी बसेना. घास टाकून उठायचा, खिडकी लावायचा, उघडायचा, पुन्हा लावायचा. एका सकाळी कामावर निघाला आणि दारातूनच परतला.

"आई, नीचे वो लोग फिर से माझंच नाव घेतायत."

खाली चिटपाखरूही नव्हतं. मी गोळ्यांचा डबा उघडला. रोजच्या पांढऱ्या गोळीच्या जागी लाल, व्हिटॅमिनची. डबा दर रविवारी हेच भरतात.

"अहो, हे काय?"

"थोडे दिवस शटडाऊन. मग रक्त पुन्हा तपासू, फरक कळेल ना."

"तो काय मिक्सर आहे?"

मी तिथूनच डॉक्टरांना फोन लावला. "विटामिन साथ में देना था, दवाई की जगह नहीं," त्या म्हणाल्या. "और दिमाग में कितना है, वो खून की रिपोर्ट में थोड़ी दिखता है." आजची गोळी देऊन लगेच घेऊन या, म्हणाल्या.

यांनी पांढरी गोळी काढली, पाणी आणलं, हात पुढे केला. लहानपणी कडू औषध परीक्षित फक्त यांच्याच हातून घ्यायचा.

"बाबा, ये कौनसी है?"

"तुझीच आहे रे."

"आई, तू बघ."

मी बघितली, मान हलवली, तेव्हा त्याने घेतली.

आता तो सावरलाय, कामावर जातो. दोन्ही गोळ्या घेतो, पण पाकिटातून स्वतः फोडून. डबा रिकामा पडलाय. दर रविवारी हे तो पुसतात आणि कुणीतरी 'भरा' म्हणेल म्हणून माझ्याकडे बघतात. मी म्हणत नाही.