मागची सीट

काकूंनी कोटाची घडी टेबलावर ठेवली आणि तिच्यावरून हात फिरवला.

"धुऊन आणलाय," त्या म्हणाल्या. "कॉलरवरचा डाग काही जाईना. ग्रीसचा आहे."

कोट निळा होता, मोटरसायकल कंपनीच्या संग्रहालयाचा. तो घालून त्यांच्या नवऱ्यानं वीसेक वर्षं आल्यागेल्याला जुन्या गाड्यांची माहिती सांगितली. इथे त्याला लहानथोर सगळे काका म्हणायचे. दोन महिन्यांपूर्वी काका गेले आणि त्यांच्या हाताखाली शिकलेली ही तरतरीत मुलगी त्यांच्या जागी आली.

"माझा फेरा आत्ता सुरू होतोय, काकू. येता का? की घाईत आहात?"

घाई कसली? कोट शिपायाकडेही देता आला असता. काकू आल्या होत्या त्या ऐकायला. घरी हा माणूस तोंडातून अक्षर काढत नसे. भाजी हवी असली तर ताट नुसतं पुढे सरकवायचा. आणि इथे म्हणे लोक पोट धरधरून हसायचे. इतकी वर्षं हा इथे बोलत तरी काय होता?

शिवाय एक जुनी ठसठस होती. लग्न झाल्या झाल्या त्यानं त्यांना मोटरसायकलवरून घाटात नेलं होतं. ते एकदाच. त्यानंतर 'बस मागे' असं कधी म्हटलं नाही. पुढे गाडी विकली, तेव्हाही काही बोलला नाही. आपण त्याच्या मागे शोभलो नसू, असं काकूंनी धरून टाकलं आणि गप्प राहिल्या.

मुलगी छान सांगत होती. कंपनी काढणारे दोघे भाऊ, त्यांचं सायकलदुरुस्तीचं दुकान, मागे पत्र्याची शेड. पाण्याच्या पंपाचं इंजिन काढून त्यांनी सायकलला बसवलं. सपाटीवर ते धूड धावायचं, चढ आला की हातपाय गाळायचं. मग धाकटा उतरून ढकलायचा आणि थोरला वर बसून त्यालाच ओरडायचा.

दालनाच्या शेवटी, दोरीच्या आत, ती मोठी गाडी उभी होती. लांबच्या प्रवासासाठी कंपनीनं केलेली पहिली. दोन्ही बाजूंना सामानाच्या पेट्या, समोर वाऱ्याला अडवणारी काच, रुंद सीट आणि मागे बसणाऱ्याला पाठ टेकायला गादी.

"आणि बायकोची गोष्ट?" बघायला आलेल्या घोळक्यात सासऱ्यांना घेऊन आलेला एक जावई होता, त्यानं विचारलं. "मागच्या खेपेला काकांनी सांगितली होती. त्यासाठी तर सासऱ्यांना ओढून आणलं."

मुलगी जराशी गोंधळली. "ती मी गाळते. मी सगळं तपासलं. थोरल्या भावाचं तेव्हा लग्नच झालेलं नव्हतं."

"खोटी तर खोटी," सासरे म्हणाले. "सांगून टाका. एवढा आलोय तर."

मुलीनं काकूंकडे पाहिलं. काकूंनी मान डोलावली.

"काका सांगायचे, थोरल्यानं नव्या बायकोला मागे बसवून घाटात नेलं. निम्म्यात इंजिन बसलं. बायको उतरली, चपला काढून हँडलला अडकवल्या आणि माथ्यापर्यंत गाडी ढकलली. तोंडातून शब्द नाही. वर पोचल्यावर नाही, घरी येईपर्यंतही नाही. थोरल्याची पाचावर धारण बसली. म्हणाला, चढ चढेल असं इंजिन आणि हिच्याजोगी सीट होत नाही, तोवर कोणत्या तोंडानं हिला बस म्हणू? त्यापायी उभा जन्म खपला. म्हणजे बायको रुसली, म्हणून ही गाडी झाली."

सगळे हसले. सासरे तर खोकेपर्यंत हसले.

"शेवटी काका या गादीवर हात ठेवायचे आणि म्हणायचे, गाडी झाली, पण तिला विचारायचं राहूनच गेलं. मग जरा वेळ थांबायचे. मला वाटायचं, लोकांचं हसू संपायची वाट बघतायत."

काकूंनी दोरी धरली. थोरला भाऊ कुठला आलाय? चपला त्यांच्या होत्या, घाट त्यांचा होता, आणि घाबरलेला तो माणूस दोन महिन्यांपूर्वीपर्यंत त्यांच्यासमोर जेवायला बसत होता. त्यांना आधी रागच आला. मेल्या, एवढं बोलायला तुला परकी माणसं लागली? पण तो राग काही टिकेना.

"रुसली नव्हती ती," त्या म्हणाल्या.

"कोण, काकू?"

"ती बायको. दम लागला होता तिला. एवढं धूड घाटात ढकलायचं म्हणजे काय खेळ आहे?"

पुन्हा हशा पिकला.

"बरं, चढावर दम लागला," सासरे म्हणाले. "पण घरी येईपर्यंत मौन कशाला?"

"येताना उतार होता. वारा लागत होता." काकू गाडीकडे बघत होत्या. "इतकं बरं वाटत होतं, की बोलावंसंच वाटेना."

मुलगी हसत नव्हती. ती काकूंकडे बघत राहिली. मग पुढे होऊन तिनं दोरीचा आकडा सोडला. गाडीला हात लावू नये, अशी पाटी तिच्या अगदी शेजारीच होती.

"काकू, बसता?"

काकूंनी पदर खोचला, मुलीचा खांदा धरला आणि हळूच सीटवर चढल्या.

"पुढे सरका ना, हँडल धरता येईल," जावई म्हणाला. "पुढे सगळी जागा आहे."

"असू दे," काकू म्हणाल्या, आणि होत्या तिथूनही थोड्या मागे सरकल्या.