शुक्रवारचा एक तास

मित्रांनो, माझं बोलणं लगेच खरं मानू नका. आधी तपासा. मी वेळेचा शिक्का मारणारं एक जुनं यंत्र आहे. माझं अंग पोलादाचं आणि तोंड अरुंद फटीसारखं आहे. त्या फटीत कागद सरकवला की खट् असा आवाज होतो आणि कागदावर तारीख, तास आणि मिनिटं जांभळ्या शाईत उमटतात.

माझा जन्म घड्याळांच्या कारखान्यात झाला. तिथे मला सात दिवस एका अचूक घड्याळाशेजारी ठेवलं होतं. सात दिवसांत माझी चूक दोन सेकंदांची निघाली. तपासनीस म्हणाला, "हे कोणाच्या बापाचं ऐकणार नाही." ते कौतुक माझ्या डोक्यात गेलं आणि चाळीस वर्षं तिथेच राहिलं.

तिथून मी समन्स बजावणाऱ्यांच्या राष्ट्रीय संघटनेच्या कचेरीत आलो. न्यायालय एखाद्याला बोलावतं, त्या कागदाला समन्स म्हणतात. तो कागद त्या माणसाच्या हातात नेऊन देणं म्हणजे बजावणी. लोक दारं उघडत नाहीत, घरात असून नाही म्हणतात, कुत्री सोडतात. मग एखाद्या बजावणाऱ्याला मोह होतो. तो घरी बसून अहवालात लिहून टाकतो, 'दिलं'. इकडे ज्याला बोलावलं त्याला काहीच कळत नाही आणि तिकडे निकाल त्याच्याविरुद्ध लागतो. अशा सदस्याला शोधून त्याचं नाव नोंदवहीतून काढणं हे संघटनेचं मोठं काम. नाव निघालं की देशातलं एकही न्यायालय त्याला कागद देत नाही. त्यामुळे आमच्या कचेरीत संशय हा दुर्गुण नव्हता. ती नोकरी होती.

नियम साधा होता. बजावणी झाली की वेळ लिहून अहवाल त्याच दिवशी पाठवायचा. बाहेरगावचे सदस्य टपालाने पाठवत, गावातले स्वतः आणून माझ्या फटीत सरकवत. मी प्रत्येकाचे हात पाहत असे. थरथरणारा हात दिसला की मला वाटे, हा खोटं बोलतोय. न थरथरणारा दिसला की वाटे, हा तर सराईत आहे.

दोन वर्षांपूर्वी नवे अध्यक्ष आले. ते तर माझ्याहून वरचढ. दाराला कुलूप लावल्यावर तीनदा ओढून बघत. बाहेरचा चहा घेत नसत. "त्यात काय घालतात कोणास ठाऊक," असं म्हणत रोज दुपारी तीन वाजता ते स्वतःची विजेची किटली घेऊन माझ्या कोपऱ्यात येत. मला त्यांचं एक नवल वाटे. ते किटली घेऊन वाकत आणि पुढच्याच क्षणी त्यांच्या हातात वाफाळता कप असे. इतका झटपट चहा मी कधी पाहिला नव्हता.

त्यांच्या काळात गावातल्या चार सदस्यांना ताकीद गेली आणि एका बाईंचं नाव निघालं. सव्वीस वर्षं बजावणी केलेल्या बाई होत्या त्या. कारण एकच, त्यांनी लिहिलेल्या वेळेच्या आधीचा शिक्का. अध्यक्ष म्हणत, "बाहेरगावचे सगळे सरळ आणि आपल्या गावातलेच नेमके चोर! बघा, किती लक्ष ठेवावं लागतं." मी मनात मान डोलवत असे.

मग जिनेवाल्यांची पाळी आली. सहा मजले चढूनही धाप लागत नसे, म्हणून त्यांना हे नाव पडलं होतं. एका शुक्रवारच्या अहवालात त्यांनी लिहिलं होतं, 'चार वाजून दहा मिनिटांनी हातात दिलं.' माझा शिक्का होता तीन पंचेचाळीसचा. ज्याला समन्स दिलं तो गृहस्थ म्हणत होता, मला काही मिळालंच नाही.

"दार उघडायच्या आधीच अहवाल आणून दिलात?" अध्यक्षांनी विचारलं.

"साहेब, मी दिलं. लुंगीवर होता तो. माझ्या तोंडावर दार आपटलं त्याने."

"मग शिक्का खोटा बोलतो का?"

जिनेवाल्यांनी माझ्याकडे पाहिलं. "तो कशाला खोटं बोलेल," ते हळूच म्हणाले. "पण मीही नाही बोलत हो."

त्यांच्या मुलीने संघटनेची परीक्षा नुकतीच पास केली होती. तिचा अर्ज वरच्या खणात होता. अध्यक्षांनी तो काढून बाजूला ठेवला. "बापाचं नाव गेलं तर हाही गेला. निर्णय पुढच्या बुधवारी."

संघटनेच्या सचिवबाई शेजारी बसून टिपण घेत होत्या. त्या फारसं बोलतच नसत. दुसऱ्या दिवशी त्यांनी गावातल्या सदस्यांचे दोन वर्षांचे अहवाल काढले आणि टेबलावर पाच गठ्ठे केले, सोमवार ते शुक्रवार. प्रत्येक अहवालावरची बजावणीची वेळ आणि माझी वेळ यांतला फरक त्या आलेखाच्या कागदावर मांडत गेल्या. सोमवारचे ठिपके जवळपास जागच्या जागी होते. मंगळवारचे थोडे खाली, बुधवारचे आणखी खाली. शुक्रवारचे सगळ्यांत तळाला. ताकीद मिळालेले चारही जण आणि त्या बाई गुरुवार-शुक्रवारचेच.

"आठवडा संपत आला की माणसं खोटी होतात का, काका?" त्यांनी शिपाईकाकांना विचारलं.

"माणसांचं माहीत नाही, ताई. हे यंत्र मात्र सुट्टीत झोपतं. दर सोमवारी तासभर मागे असतं. मी काटे पुढे करतो आणि गप्प बसतो. म्हातारं झालंय बिचारं."

मला भयंकर राग आला. मी झोपतो?

सोमवारी तीन वाजता सचिवबाई माझ्यासमोर खुर्ची घेऊन बसल्या. हातात मनगटी घड्याळ आणि वही. अध्यक्ष किटली घेऊन आले. "जरा सरका, ताई," म्हणत ते वाकले. पुढच्याच क्षणी त्यांच्या हातात कप होता. माझ्या तबकडीवर तीन वाजून पाच मिनिटं. सचिवबाईंच्या वहीत मात्र लिहिलेलं होतं, 'तीन सतरा.'

त्या कोपऱ्यात विजेची एकच जागा होती, मित्रांनो. किटली लावायला अध्यक्ष माझी पिन काढत. रोज बारा मिनिटं. ती बारा मिनिटं माझ्यासाठी कधी झालीच नाहीत. पाच दिवसांची पाच वेळा बारा. शुक्रवार संध्याकाळपर्यंत पूर्ण एक तास.

बुधवारी सचिवबाईंनी आलेख टेबलावर ठेवला आणि एवढंच म्हणाल्या, "जिनेवाले चार पंचेचाळीसला आले होते. तोवर यंत्राची पिन काढून आपला चहाही झाला होता."

अध्यक्षांनी त्या तिरक्या रेषेवरून बोट फिरवलं. "मी सगळ्यांवर नजर ठेवली," ते म्हणाले, "आणि पिन माझ्याच हातात होती."

जिनेवाल्यांचं नाव राहिलं. मुलीचा अर्ज मंजूर झाला. चार ताकिदी मागे घेतल्या. उरल्या त्या बाई. माफीचं पत्र टपालाने पाठवलं, ते 'पत्ता बदलला' म्हणून परत आलं. तेव्हा जिनेवाले म्हणाले, "द्या इकडे. माणसं शोधणं आमचंच काम आहे." त्यांनी चार दिवस शोधलं आणि पाचव्या दिवशी पोचपावती आणली. तिच्यावर बाईंनी सही केली होती आणि एकच शब्द लिहिला होता, 'मिळालं.' त्या परत आल्या नाहीत. त्या पावतीवर मी शिक्का मारला. तो अचूक होता, पण फार उशिरा मारला गेला.

आता माझ्या पिनेवर लाल चिकटपट्टी आहे आणि शेजारी एक कागद, ज्यावर रोज सकाळी कोणीतरी माझी वेळ तपासून सही करतं. मित्रांनो, ज्याच्या एका शिक्क्यावर माणसाचं नाव राहतं किंवा जातं, त्याला रोज तपासत जा, मग तो माझ्यासारखा पोलादी का असेना. माणसाकडे बोट दाखवण्याआधी एकदा भिंतीकडे बघा, माझी पिन लावलेली आहे ना.

जिनेवाल्यांची मुलगी हल्ली अहवाल आणते. कागद सरकवण्याआधी ती आपल्या मनगटाकडे पाहते, मग माझ्या तबकडीकडे, मग पुन्हा मनगटाकडे. तिचा माझ्यावर विश्वास नाही. तिचा कागद आत आला की मी अगदी नीट, ठळक शिक्का मारतो.