उद्याची साक्ष

पेंटरची बायको शिडीवर उभी राहून औषधांच्या दुकानाच्या पाटीवरचा जुना रंग खरवडत होती. पेंटर खाली दोन्ही हातांनी शिडी धरून होता. सहा वर्षांपूर्वी त्याचा उजवा पाय मोडल्यापासून वरचं काम तिचं आणि खालचं त्याचं होतं.

पक्षाचे अध्यक्ष गाडीतून उतरले आणि सरळ येऊन त्यांनी पेंटरच्या खांद्यावर हात टाकला. काम असलं की त्यांचा हात असाच आपोआप खांद्यावर यायचा.

"उद्या कोर्टात साक्ष आहे ना तुझी?"

"आहे."

"शिडी घसरली, एवढंच सांग. कोणी ओढली ते दिसलं नाही म्हणायचं."

पाय मोडला तेव्हा पेंटर पक्षासाठी भिंत रंगवत होता आणि शिडी ओढणारा होता विरोधकांचा गुंड. गेल्या महिन्यात अध्यक्षांनी त्याच गुंडाला हार घालून पक्षात घेतलं. त्या संध्याकाळीच पेंटरने वीस वर्षांचं सभासदत्व त्यांच्या तोंडावर फेकलं होतं. आता पाय आपोआप मोडला म्हणायचं! त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"तो आता आपला माणूस आहे रे," अध्यक्ष म्हणाले.

"आणि मी कोण होतो?"

"डोक्यात राख घालून घेऊ नकोस. वहिनी, तुम्ही तरी सांगा याला. त्या दिवशी दवाखान्यात मीच नेलं की नाही?"

वरचं खरवडणं थांबलं.

"नेलं होतं," ती म्हणाली. त्या एका उपकारापायी ती दोन निवडणुकांत या माणसासाठी घरोघर हात जोडत फिरली होती.

पेंटरने दात आवळले. पोलिसांना दिलेल्या जबाबात त्याने एक गोष्ट गाळली होती. पक्षाची अब्रू जाईल म्हणून बायकोलाही कधी सांगितली नव्हती.

"बरं, घसरली म्हणतो," तो म्हणाला. "मग खाली धरायला कोण होतं, असं वकील विचारेल. तेही सांगतो. गुंड गल्लीत दिसताच कोण शिडी सोडून पळालं, आणि सगळं निवल्यावर परत येऊन मला दवाखान्यात कोणी नेलं, तेही सांगतो."

अध्यक्षांनी वर पाहिलं. ती एकेक पायरी खाली उतरत होती. शिडी जराशी हलली, तशी त्यांनी घाईने पुढे होऊन ती धरली.

"हात काढा," ती म्हणाली.