वानगीची गाडी

कारखान्यातून गाडीबरोबर न आलेल्या गोष्टी एकूण चौदा भरल्या. डाव्या दारांवर चार ओरखडे, त्यातला सगळ्यात लांब अकरा सेंटिमीटरचा. मागच्या बंपरला एक पोचा. डिकीत दोन तेलकट डाग. पुढच्या सीटखाली तीन चिंचोके, केसांची एक पिन, लग्नाची एक पत्रिका आणि कुण्या पोराच्या कंपासपेटीतल्या पट्टीचा तुकडा, शून्यापासून सात सेंटिमीटरपर्यंतचा. चौदावी गोष्ट मागच्या काचेवर चिकटवलेली होती : ‘आपली गाडी सर्व्हिसिंगला असताना आपल्या सेवेत.’ गाडी आजवर अठरा हजार चारशे बारा किलोमीटर चालली होती.

प्रेरणानं हे सगळं वहीत उतरवून घेतलं. शोरूमचा विश्वजित शेजारी किल्ली फिरवत उभा होता.

“मॅडम, लोक रंग विचारतात, अ‍ॅव्हरेज विचारतात,” तो म्हणाला. “चिंचोके मोजणाऱ्या तुम्ही पहिल्याच.”

“राहू दे त्यांना तिथंच. मी नुसते मोजले.”

प्रेरणा पदार्थविज्ञानात एम. एस्सी. झालेली. वाळूजच्या एका कंपनीत इतरांची मोजमापाची उपकरणं खरं सांगतात की नाही, हे तपासायची तिची नोकरी. कंपनीच्या लीजवर तीन वर्षांसाठी गाडी मिळणार होती आणि विश्वजितनं तिच्यापुढं दोन ठेवल्या होत्या. एक कोरी करकरीत, अजून प्लास्टिकात गुंडाळलेली. दुसरी तिचीच थोरली बहीण : तेच मॉडेल, तोच पांढरा रंग, पण सव्वा वर्ष शोरूमनं गिऱ्हाइकांना वापरायला दिलेली. तुमची गाडी दुरुस्तीला आली, की ती परत मिळेपर्यंत ही घेऊन जा. अशी शंभरएक माणसं तिच्यात बसून उतरली होती. हप्ता अर्थातच कमी.

पण प्रेरणाला गाडी हवी होती ती आईसाठी.

लक्ष्मीबाई दिवाळीनंतर अंगणात घसरून पडल्या. खुब्याचं हाड मोडलं. शहरात ऑपरेशन झालं, वॉकर धरून चालता येऊ लागलं, आणि डॉक्टरांनी दर शनिवारी व्यायामाला आणायला सांगितलं. लासूर स्टेशनहून शहरात यायचं तर शेजारच्या सर्जेरावांची जीप. जीपची पायरी उंच. सर्जेराव आणि त्यांचा भाऊ दोन्ही बाजूंनी काखेत हात घालून त्यांना वर चढवत, तेव्हा लक्ष्मीबाई डोळे मिटून घेत आणि पदराचं टोक दातांत धरत. चार शनिवार झाले. पाचव्याला त्या म्हणाल्या, “आता नको. पाय बरा हाय माझा.” मग सहावा गेला, सातवा गेला. फोनवर डॉक्टर प्रेरणाला म्हणाले, अजून महिनाभर असंच गेलं तर सांधा आखडेल, आणि मग वॉकर जन्माचा.

शोरूमनं सर्व्हिसिंगची गाडी दोन दिवस चालवून बघायला दिली. प्रेरणानं घरी फोन केला, “अप्पा, शनिवारी ट्रायलची गाडी आणते. आई बसू शकते का ते बघू. दोन गाड्या आहेत, नंतर ठरवू.”

“आण आण,” काकासाहेब म्हणाले.

काकासाहेब बत्तीस वर्षं लासूरच्या मार्केट यार्डात मापाडी होते. ज्वारी, मका, कांदा, जे यार्डात येई ते त्यांच्या काट्यावरून जाई. त्यांचा एक सिद्धांत होता : बाजारात वानगी दाखवतात ती विकायच्या मालाचीच. मूठभर गहू दाखवायचा एक अन् पोत्यात भरायचा दुसरा, असल्या माणसाला आडतीवर कुणी उभं करत नाही. तेव्हा शोरूमनं चालवून बघायला दिलेली गाडी म्हणजे हीच घरी यायची गाडी, आणि शोरूमची म्हणजे नवी. त्यांनी शनिवारी सकाळीच नारळ, चार लिंबं आणि झेंडूचा हार आणून ठेवला.

प्रेरणा पोचली, हातपाय धुवायला आत गेली. पाचेक मिनिटांनी बाहेर येते, तर विश्वजितनं धुऊन दिलेल्या त्या गाडीच्या नाकावर हार लटकत होता, चारी चाकांखाली लिंबं होती, आणि आई वॉकर टेकत ओसरीची पायरी उतरत होती. वॉकरच्या आडव्या दांडीवर ओवाळणीचं ताट ठेवलेलं, आणि ताट सांभाळायला अप्पा तिच्यापुढं उलटे चालत होते.

चार आठवड्यांत आई पहिल्यांदाच अंगणात आली होती.

“अप्पा, अहो ही...”

“थांब गं. मधी बोलू नको. कुंकू लावू दे तिला.”

लक्ष्मीबाईंनी बॉनेटवर कुंकवानं स्वस्तिक काढलं. दुसऱ्या हातानं वॉकर धरलेला, म्हणून एक भुजा जरा लांब आली. गाडीला ओवाळलं. काकासाहेबांनी नारळ फोडून पाणी चाकांवर शिंपडलं आणि कुंपणाकडं बघून हाक मारली, “सर्जेराव, या जरा. हिला बसवायचं हाय. पहिली बैठक घरच्या बाईची.”

सर्जेराव बाह्या सारत आले. लक्ष्मीबाईंनी त्यांच्याकडं बघितलं, गाडीच्या उघड्या दाराकडं बघितलं.

“थांबा भाऊजी. मला बघू द्या.”

त्यांनी वॉकर फिरवला. दवाखान्यात शिकवलं होतं तशी सीटकडं पाठ केली, एक हात दाराच्या चौकटीला, एक वॉकरला, आणि हळूच मागं टेकल्या. पाय अजून जमिनीवरच. मग एकेक पाय आत घेत त्या वळल्या. वळून पुढं बघायला लागल्या, तेव्हा काचेतून त्यांना स्वतःच काढलेलं स्वस्तिक उलट्या बाजूनं दिसलं.

“एक भुजा लांब झाली व्हय,” त्या म्हणाल्या.

सर्जेरावांना सुचेना की सरसावलेल्या बाह्यांचं काय करावं. ते उगाच गाडीला चक्कर मारून मागं गेले, काचेवरची चिठ्ठी मोठ्यानं वाचली, आणि हसायलाच लागले.

“अहो काकासाहेब! ही सगळ्या गावाला वापरायला देत्यात ती गाडी हाय. धर्मशाळेला नारळ फोडला की तुम्ही!”

काकासाहेबांनी खिशातून चष्मा काढून चिठ्ठी वाचली. पुन्हा वाचली. मग वाकून चाकाखालचं एक लिंबू काढलं, धोतराला पुसलं आणि खिशात टाकलं.

“मी सांगत होते, अप्पा,” प्रेरणा हळू म्हणाली.

“तुझं काय चुकलं नाय. वानगी एक अन् माल दुसरा, हे मला ठाव नव्हतं.” मग नुसतं तिला ऐकू जाईल असं, “तुझ्या आईच्या नशिबी नवं कधी आलंच नाय गं पोरी. सायकल आणली ती दुसऱ्याची. शिलाई मशीन दुसऱ्याची. लग्नातला शालूसुद्धा थोरल्या वहिनीचा. एक तरी वस्तू कागद फाडून आणावी वाटलं.”

प्रेरणानं वहीत दोन गाड्यांसाठी दोन रकाने आखले होते. या वाक्यासाठी त्यात जागा नव्हती.

सोमवारी तिघं शोरूमला निघाले, कारण काकासाहेबांनी नवी गाडी बघितल्याशिवाय बोलायचं नाही असं ठरवलं होतं. लक्ष्मीबाई पुन्हा आपल्या आपण बसल्या. बॉनेटवरच्या कुंकवाला हात लावायची कुणाची हिंमत झाली नव्हती, त्यामुळं दारावरच विश्वजितनं कपाळाला हात लावला.

“मॅडम, पूजा करून आणलीत? मग मी हिला परत कशी घेऊ? हिच्यात उद्यापासून दुसरं गिऱ्हाईक बसणार!”

“आमची चूक हाय साहेब,” काकासाहेब म्हणाले. “नवी दाखवा.”

नवी गाडी आरशासारखी चकाकत होती. आत कोऱ्या रेक्झिनचा वास. प्रेरणानं सीटवरचं प्लास्टिक काढायला लावलं. नाहीतर तुलना खरी झाली नसती. लक्ष्मीबाईंनी वॉकर फिरवला, पाठ केली, मागं टेकल्या, आणि टाचा जमिनीवरून सुटल्या. सीटची कड टणक, गुळगुळीत. त्या पुढं घसरल्या, पुन्हा टेकल्या. दुसऱ्या खेपेला विश्वजितनं चटकन दंडाला धरलं आणि काकासाहेबांनी कमरेला. आत गेल्या एकदाच्या. डोळे मिटलेले होते. पदराचं टोक दातांत होतं.

मग डोळे उघडून त्या नवऱ्याकडं बघून हसल्या. “झ्याक हाय. हीच घ्या. मी शिकंन हळूहळू.”

“काकू, सवयीनं जमतं,” विश्वजित म्हणाला.

प्रेरणानं मोजपट्टी काढली. नव्या गाडीची सीट जमिनीपासून साडेबासष्ट सेंटिमीटर. सर्व्हिसिंगच्या गाडीची साठ पूर्णांक चार. तिनं दोनदा मोजलं. दोन्ही गाड्यांत डाव्या सीटला वर-खाली करायची कळ नव्हती. मग हे एकवीस मिलिमीटर गेले कुठं? तिनं टायर तपासले, ते चार मिलिमीटर झिजले होते. थोडंफार स्प्रिंगांनी घेतलं असेल. बाकीचं सीटच्या फोममध्ये दबलं होतं : सव्वा वर्षात तिथं बसलेल्या, चिंचा खाल्लेल्या, पिन हरवलेल्या, लग्नाला गेलेल्या माणसांनी एकेक करून दाबलेलं.

“अप्पा, दोन सेंटिमीटरचा फरक आहे,” ती म्हणाली. “जुनीत आईचे पाय टेकतात. नवीत टेकत नाहीत. पण नवीही वर्षभरात इतकी बसेल.”

“वरीसभर कोण बसंल तिच्यात?”

“आई. म्हणजे... आपण चढवू तिला तोवर.”

काकासाहेबांनी तिच्या हातून पट्टी घेतली. दोन्ही गाड्यांच्या मधे उकिडवे बसून त्यांनी स्वतः मोजलं. आधी नवी, मग जुनी. मापाडी माणूस दुसऱ्याच्या मापावर विश्वास ठेवत नाही, पोटच्या पोरीच्याही नाही. उठताना गुडघे वाजले. ते नव्या गाडीच्या दाराशी गेले. लक्ष्मीबाई आत अजून सरळ बसून होत्या, घरी आलेल्या पाहुणीसारख्या, टेकायचं की नाही ते न ठरवता.

“खरं सांग. कोणती?”

“सांगितलं ना. हीच.”

“माझ्यासाठी नको सांगू. बत्तीस वर्षं काट्याम्होरं उभा राहिलोय. माप खोटं लागलं की कळतं मला.”

लक्ष्मीबाईंनी खाली बघितलं. “मला कुणी उचललं नाय पायजे,” त्या म्हणाल्या. “तुम्हीसुदीक नाय.”

काकासाहेबांनी मान हलवली. बराच वेळ हलवत राहिले. मग विश्वजितकडं वळले.

“साहेब, पूजा झाल्याली गाडी परत करीत नसत्यात. ती कुंकवाची द्या. फक्त मागली चिठ्ठी काढून टाका.”

“काढतो काका, आत्ताच काढतो.”

“अन् चिंचोके?” प्रेरणानं विचारलं.

“असू दे,” काकासाहेब म्हणाले. “चिंचा खाणाऱ्यांनीबी वजन टाकलंय.”

नव्या गाडीतून उतरताना मात्र दोघांचे हात लागले. लक्ष्मीबाईंनी नवऱ्याच्या हाताला घट्ट धरून ठेवलं, उतरून झाल्यावरही.

पुढच्या शनिवारी सकाळी आठ वाजता गाडी लासूरच्या अंगणात उभी होती. प्रेरणानं दार उघडून धरलं आणि मोबाईलवरचं घड्याळ लावलं. सर्जेराव कुंपणापाशी होते, हात मागं बांधून. काकासाहेब बायकोपासून वीतभर अंतरावर, दोन्ही तळवे पुढं करून, पोतं काट्यावरून घसरलं तर धरायला उभे राहत तसे उभे होते.

लक्ष्मीबाईंनी सीटकडं पाठ केली. काकासाहेब पुटपुटत मोजायला लागले. मापाडी पहिल्या मापाला एक म्हणत नाही. सुरुवात शुभ व्हावी म्हणून लाभ म्हणतो.

“लाभ. दोन. तीन...”

त्या टेकल्या. उजवा पाय आत गेला. डावा गेला. प्रेरणानं घड्याळ थांबवलं आणि वहीत लिहिलं.

वेळ : अकरा पूर्णांक चार सेकंद. लागलेले हात : शून्य.