भर मे महिन्यातलं कढत पाणी

भर मे महिन्यात, आमच्या डोंगरकडा गावातल्या घरांच्या पत्र्यांवर ऊन तडतडत असताना, आमच्या न्हाणीतून वाफ निघते. आत माझा थोरला भाऊ, सिद्धार्थदादा, उकिडवा बसून पाठीवर कढत पाणी ओतत असतो. तांब्या बुडतो, पाणी कोसळतं, आणि त्या दोन आवाजांच्या मध्ये त्याचा एक दीर्घ निःश्वास येतो. दिवसातून पाच-सहा वेळा. पाठ भाजून तांबडी झाली आहे. पण पाणी अंगावर पडतं तेवढाच वेळ त्याची ओकारी थांबते.

हळद शिजवायच्या दिवसांत याच दादाला गावोगावची बोलावणी यायची. काडी टोचून बघायची त्याला गरज नसे. वाफेच्या नुसत्या वासावरून तो सांगे, झाली, काढा. उंच, सावळा, पिवळ्या हातांचा माणूस. गांजाही तेव्हापासूनचा, वीस वर्षांचा. विहारात तो आमच्यासोबत हात जोडून पंचशील, त्यातल्या नशा न करण्याच्या शीलासकट, म्हणे, आणि मी टोकलं की डोळा मिचकावे. "मी दारूला शिवतो का? ह्यो तर पाला हाय, लेका. शेळी खाती तो बी पालाच." सगळे हसत. मीही हसलो. व्यसनमुक्तीची पत्रकं मी लिहिली, भिंतीभिंतींवर चिकटवली. त्यांत दारू होती, गुटखा होता, गांजा नव्हता. त्या हसण्याची मला आज लाज वाटते.

ओकाऱ्या सुरू झाल्या तेव्हा आम्ही पित्त म्हणालो, कावीळ म्हणालो. मळमळ शमावी म्हणून तो आणखी ओढू लागला. हिंगोलीच्या डॉक्टर बाईंनी विचारलं, "गरम पाण्यानं बरं वाटतं का?" दादानं मान हलवली. "मग हा गांजाच. वर्षानुवर्षं ओढला की काहींना असं होतं. पूर्ण सोडलात तरच थांबेल. अंगातलं पाणी असंच जात राहिलं, तर मूत्रपिंडं जातील."

थंडीत त्यानं सोडला. आधी झोप उडाली, चिडचिड सोसवेना. मग एके दुपारी तो दोन भाकरी जेवला आणि त्या पोटात राहिल्या. वहिनी दाराशी उभी राहून नुसती बघत होती. महिना-दीड महिना घरात माणूस होता.

मग म्हणाला, "आता बरा झालो न्हवं? एका झुरक्यानं काय होतंय?"

दोन दिवस झाले, त्याला लघवी धड नाही. "दवाखान्यात चला," वहिनी विनवते, "काहून जिवावर उठून राहिले तुमी?" तो भिंतीकडे तोंड फिरवतो. "तिथं ओढू देत्यात का? त्याच्याबिगर पोटात काईच ठरत न्हाई." तो खोटं बोलत नाही, हीच आमची हतबलता आहे. त्याच्या देहात विषानं औषधाचा चेहरा घेतला आहे. मी ओरडतो, पाया पडतो, बाहेर गाडी उभी करून ठेवतो.

गेलेल्यांच्या आठवणींची धार काळ हळूहळू बोथट करतो म्हणतात. पण माणूस हाताला लागत असताना त्याची आठवण यावी, तर तिथं काळानं काय करावं? दादा भिंतीला टेकून बसलेला असतो, आणि मी त्याला खेटून बसून त्याचीच वाट पाहत राहतो.