माळावरच्या बंगल्यातला पंखा

सकाळचे दहा वाजले आणि बंगल्यातला पंखा हलला.

"हलला! हलला!" खिडक्यांच्या गजांबाहेर दाटीवाटीनं उभ्या असलेल्या माणसांत एकच गलका झाला. मिरजगावची माणसं होती, पार खर्ड्याकडूनही आली होती. बायकांनी पदर तोंडाशी धरले.

कुण्या गोऱ्या साहेबानं शिकारीसाठी बांधलेला हा बंगला. आता तिथं एक ट्रस्ट बऱ्या न होणाऱ्या आजाऱ्यांची शेवटपर्यंत शुश्रूषा करी. दिवाणखान्यात दहा खाटा, आणि वर आढ्याला साहेबाच्या काळचा लांबलचक, झालरीचा पंखा. त्याची दोरी ओढणारा माणूस कधीच गेला होता. तरी त्र्याहत्तरच्या या दुष्काळी उन्हाळ्यात पंखा आपोआप हलत होता. तो हलला की मधल्या खाटेवरचा माणूस दोन दिवसांत जाई. तीनदा तसं झालं होतं.

कालपासून मधल्या खाटेवर रंगनाथ गुरुजी होते.

तीस वर्षं त्यांनी पोरांना शिकवलं होतं की भूत नसतं. आता झालर डोळ्यांसमोर जात-येत होती आणि त्यांच्या तोंडाला कोरड पडली होती.

"सायेब बोलावतोय!" कपाळभर शेंदूर फासलेला सूर्यभान भगत गरजला. "सायबाला वर लई गरम हुतंय. पंखा ओढाया मानूस पायजे त्येला. एकेक करून नेतोय! दिस मावळायच्या आत ह्यांना माझ्या मठात आना. गोळी बंद, सुई बंद. सात दिस निस्ता अंगारा!"

गुरुजींची धाकटी बहीण दगडाबाई रडकुंडीला आली होती. "दादा, ऊठ. गाडी जुंपलीया."

"मावशी, सुई बंद केली तर तडफडतील ते," विजयमाला सिस्टर म्हणाल्या. "मागच्या दोघांना असंच नेलं. दोघंही वाटेतच गेले."

"उशीर केला त्यांनी!" भगत म्हणाला.

पोटातल्या गाठीची कळ सुईशिवाय कशी असते, ते गुरुजींना ठाऊक होतं. तरीही बहिणीचा हात धरून पळून जावं असं त्यांना वाटलं, आणि त्याची लाजही वाटली. भ्यायले की ते मनातल्या मनात वार मोजत. मंगळवारी पंखा हलला होता. त्याआधी शुक्रवारी. तेव्हा ते कोपऱ्यातल्या खाटेवर होते. आज शनिवार.

"सिस्टर," गुरुजींनी विचारलं, "आज पाण्याचा टँकर आला?"

"आला की, पहाटेच. दर चार दिवसांनी येतो. मंगळवारी आला होता, त्याआधी शुक्रवारी."

गुरुजी भगताकडे वळले. "अहो, तुमच्या साहेबाला टँकरचा वार कसा कळतो?"

खिडकीत कुणीतरी फिसकन हसलं.

"टँकर आल्यावर इथं काय होतं, सिस्टर?"

"चांगुणा चादरी धुते."

चांगुणाला बोलावलं. ती ओले हात पुसत, भीत भीत दारात आली.

"चांगुणाबाई, चादरी कुठं वाळत घालता?"

"मागल्या व्हरांड्यापुढं, दोरीवर. आदी मेंदीच्या कुंपनावर घालीत हुते. यंदा मेंदी वाळून गेली. भिताडाच्या भोकातनं जुनी दोरी लोंबत हुती, ती लिंबाला बांदली. काय चुकलं का, गुर्जी?"

"काही नाही. चादरी काढा बरं सगळ्या."

पंखा थांबला.

"आता घाला."

एक ओली चादर पडली, दुसरी पडली. मागं दोरी ताणली गेली, तसा इथं पंखा कलला. माळावरून वारं सुटलं, चादरी फडफडल्या आणि पंखा डुलायला लागला.

"आरं तिच्या! ही तर कापडं वाळवायची वलनी हाय!" मागच्या बाजूनं कुणी ओरडलं.

"मग मेले त्ये?" भगतानं डोळे वटारले. "त्ये काय चादरीनं मेले?"

गुरुजी हळूच म्हणाले, "पंखा हलला आणि कुणी गेलं नाही, ते वार कुणी ध्यानात ठेवले? मधली खाट सिस्टरांच्या टेबलासमोर आहे. ज्याचं जास्त झालंय, त्यालाच इथं आणतात. त्याच्याच चादरी जास्त बदलाव्या लागतात. म्हणून पंखाही जास्त हलतो. बरोबर ना, सिस्टर?"

सिस्टरांनी मान खाली घातली. "बरोबर."

आपण काय सिद्ध केलं, ते गुरुजींना तेव्हा कळलं. दगडाबाईलाही कळलं.

"दादा, म्हंजी तू..."

"हो, दगडे. पण गाठीनं. साहेबानं नव्हे." ते गर्दीकडे वळले. "मलाही भीती वाटली, अजूनही वाटते. भ्यावं माणसानं, त्यात काही वाईट नाही. पण भीती वाटली म्हणून विचार सोडू नका. जे हलतं, त्याची दोरी कुठवर गेलीय, ते आधी बघून या. आपल्या माणसाला सुईपासून तोडून गाडीत घालायच्या आधी तरी बघा."

भगत केव्हा सटकला, कुणाला कळलं नाही. दगडाबाई बाहेर गेली. तिनं बैल सोडले, आणि परत येऊन भावाच्या पायाशी बसली.

चांगुणा दोरी सोडायला निघाली होती.

"राहू द्या, चांगुणाबाई," गुरुजी म्हणाले. "वारा बरा येतोय."