सुभेदारांचं खड्डे हेरणारं यंत्र

वसईतल्या नंदाखाल गावचे सुभेदार जयवंत राऊत कारगिलला सुरुंग शोधायचे. निवृत्तीनंतर ते इंजिनियर झाले, केळीची वाडी गहाण टाकून त्यांनी कंपनी काढली आणि रस्त्यावर साचलेल्या पाण्याखालचा खड्डा हेरून वाजणारं यंत्र बनवलं. चाचणीला स्कूटरवर यंत्र धरून मीच बसलो होतो, म्हणून छातीवर हात ठेवून सांगतो. पापडी गावात ते वाजायला लागलं ते थांबेचना. वरात आली समजून लोक नाचायला बाहेर पडले.

यंत्रांची ऑर्डर देणारे रस्ते खात्याचे साहेब मागच्या गाडीत होते. ते म्हणाले, "राऊत, ही कटकट थांबवा, नाहीतर ऑर्डर विसरा."

ऑर्डर गेली की वाडी गेली. सुभेदारांनी गुपचूप तारा उलट्या जोडल्या. आता धड रस्ता सापडला तरच यंत्र वाजणार होतं. पुढे कळंब गावापर्यंत त्यानं हूं की चूं केलं नाही.

"बघा, एक खड्डा नाही," म्हणत साहेबांनी ऑर्डरवर सही केली. वाडी सुटली.

परतताना साहेबांच्या बंगल्यासमोर मात्र यंत्र खणखणलं.

"इथे खड्डा?" साहेबांनी विचारलं.

सुभेदार खाली बघत म्हणाले, "यंत्र खोटं बोलत नाही, साहेब."

दुसऱ्या दिवशी साहेबांनी माणसं लावून वसईतला तेवढाच गुळगुळीत रस्ता खणून काढला.